चौपदरीवर चौदाजण

ओरिनबासार माणूस कसा, म्हणून कुणी विचारलं तर आमच्या रस्ते खात्यात एकच उत्तर मिळायचं. "त्याने तीनशे बारा लिहिलं असेल तर तीनशे बाराच. अकरा नाही, तेरा नाही." यात कौतुक किती आणि वैताग किती, ते सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. सगळे त्याला मानाने ओरेके म्हणत, आणि मान देऊन झाला की त्याच्यापासून चार हात लांब राहत.

एकतीस वर्षं हा गृहस्थ रस्त्याच्या कडेला घडीच्या स्टुलावर बसून गाड्या मोजत होता. शहरातले रस्ते नव्हेत. माळावरून सरळसोट जाणारे चौपदरी हमरस्ते, जिथे दहा कोसांत एखादा औल, म्हणजे खेडं, लागला तर लागतो आणि वाऱ्याला अडवायला एक झाड नसतं. मांडीवर फळी, फळीवर बसवलेल्या पाच डब्या. दाबलं की आकडा एकाने पुढे. पहिली मोटारींसाठी, दुसरी बससाठी, तिसरी ट्रकसाठी, चौथी मागे जोडडबा लावलेल्या लांब ट्रकसाठी. पाचवी रस्ता ओलांडणाऱ्या माणसांसाठी. गाड्या मोजायला आता यंत्रं आली आहेत, खांबावर बसून आपली आपण मोजतात. पण माणूस आणि मेंढी यांतला फरक त्या यंत्रांना अजून धड कळत नाही. म्हणून ओरेकेची नोकरी टिकून होती.

त्याने आणलेल्या आकड्यांचं पुढे गणित व्हायचं. एक ट्रक म्हणजे दोन मोटारी, चढावर लांब ट्रक असेल तर तीन-साडेतीन. असं सगळ्याचं मोटारींत रूपांतर करायचं, एका पदरावरून तासाला किती जातात ते काढायचं, रस्ता किती पेलू शकतो त्याच्याशी ताडून बघायचं आणि शाळेतल्या पोराला देतात तशी रस्त्याला श्रेणी द्यायची. रस्ता मोकळा असेल तर पहिली, गाडीला गाडी चिकटली असेल तर शेवटची. आमचे इंजिनियर त्या श्रेण्यांवर तासन्‌तास भांडत. ओरेके कोपऱ्यात चहा पीत बसलेला असायचा आणि मधूनच म्हणायचा, "शेवटच्या श्रेणीच्या रस्त्यावर मी एकतीस वर्षांत एकही मेलेला पाहिला नाही. शिव्या पाहिल्या, चेपलेले बंपर पाहिले. माणसं मरतात ती तुमच्या पहिल्या श्रेणीत."

"ओरेके, तुम्ही मोजा. गणित आमच्यावर सोडा."

"सोडलंय की. पण गाडीला गाडीचा त्रास किती, एवढंच तुमचं गणित सांगतं. माणसाला गाडीचा त्रास किती, तो रकाना कुठाय?"

रकाना होता, नाही असं नाही. ती पाचवी डबी. दिवसभराच्या बारा तासांत एखाद्या ठिकाणी माणसांनी शंभर वेळा रस्ता ओलांडला, तर तिथे खालून बोगदा काढायचा, निदान मधल्या कठड्यात फट ठेवून सिग्नल लावायचा विचार करावा, असा नियम होता. शंभर झाले नाहीत, तर फट बंद. मोकळ्या रस्त्याचा वेग अडवायचा नाही.

त्या वर्षी मोजायच्या शेहेचाळीस जागांच्या यादीत शिलीसाय होतं, आणि शिलीसायला ओरेकेची लेक दिली होती.

अक्मारल तिचं नाव. सहा वर्षांपूर्वी लग्न झालं, तेव्हा रस्ता दुपदरी होता. कुमिसचं गाव ते. उन्हाळाभर घोड्यांचं दूध काढायचं आणि आंबवून विकायचं, यावर निम्मं गाव जगतं. घरं रस्त्याच्या दक्षिणेला, घोड्या बांधायची जागा आणि कुरण उत्तरेला. घोडी गाईसारखी एकदा पान्हवून मोकळी होत नाही, तिला दिवसातून सहा वेळा पिळावं लागतं. म्हणजे सुनांनी सहा वेळा बादल्या घेऊन पलीकडे जायचं आणि सहा वेळा भरल्या बादल्या घेऊन परतायचं. रस्ता चौपदरी झाला तसे ट्रक एकशेदहाच्या वेगाने सुटायला लागले. मध्ये अजून कठडा नव्हता, तो यायचा होता. गावाने बोगद्यासाठी अर्ज केला. औलाच्या अकीमने, म्हणजे गावच्या सरकारी प्रमुखाने, वर पाठवला. वरून उत्तर आलं की पाहणी होईल.

ओरेकेने साहेबांना सांगायला हवं होतं की तिथे माझी लेक आहे, दुसऱ्याला पाठवा. नाही सांगितलं. खरं तर त्याला बरंच वाटलं. आपण मोजू तर नीट मोजू, एकही बाई सुटणार नाही, अशी त्याची समजूत. आणि लेकीलाही त्याने काही सांगितलं नाही, कारण तसा नियम होता. मागे एका गावात मोजणीची बातमी आधी फुटली, तर एक म्हातारा दिवसभरात एकोणीस वेळा रस्ता ओलांडून गेला, शेवटी शेवटी तर हात हलवत. त्या उगाच मारलेल्या खेपांतली ओरेकेने एकच धरली. तेव्हा लेकीला फोनवर एवढंच म्हणाला, "बुधवारी तुमच्या फाट्यावर रस्त्याचं काम आहे. दिवसभर तिथेच बसेन. संध्याकाळी जेवायला येतो."

"दिवसभर रस्त्यावर बसणार, कोके?" लहानपणापासून ती बापाला कोके म्हणायची.

"बसायचाच पगार घेतो मी."

बुधवारी सकाळी सातला तो पायवाट रस्त्याला मिळते तिथे, दक्षिणेच्या बाजूला, स्टूल टाकून बसला. सप्टेंबर होता, उजेड स्वच्छ, गवत पिवळं पडलेलं. तासाला दोन्ही बाजू मिळून तीनेकशे गाड्या. एवढ्या रस्त्याला हे म्हणजे काहीच नाही, गणितात पहिल्या श्रेणीच्याही वरती काही असेल तर ते. त्याचं बोट आणि डोळा एकत्र चालत होते. पाचव्या डबीवर नऊपर्यंत तीन झाले. मेंढ्या हाकणारे दोघे आणि एक मास्तर.

त्याला जरा नवल वाटलं. दुधाची वेळ झाली असणार, मग बायका का नाहीत? घोड्या वरच्या कुरणात हलवल्या असतील, असं त्याने मनाशी म्हटलं. दुपारी विहीणबाई, रिस्ती, स्वतः चहाची किटली आणि तळलेले ऊन बाउरसाक घेऊन आल्या. त्या त्याच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. गाड्यांवरची नजर न काढता त्याने विचारलं, "अक्मारल कुठाय?"

"कामात आहे. तुमची लेक आहे ना, बसते कुठे ती घटकाभर?"

लेक नुसती तोंड दाखवायलाही आली नाही, याचं त्याला वाईट वाटलं. पण तेवढ्यात एकामागोमाग पाच ट्रक आले आणि तो मोजायला लागला. सात वाजता त्याने डब्यांवरचे आकडे तक्त्यात उतरवले. पाचव्या रकान्यात चौदा.

संध्याकाळी घरात मोठा बेत होता. व्याही दारात आलेला, म्हणजे मेंढा पडणारच. शेजारचे चार म्हातारे बोलावले होते. मेंढ्याचं डोकं मानाने ओरेकेपुढे ठेवलं गेलं. अक्मारल दाराजवळ बसून सगळ्यांना चहा ओतून देत होती, नव्या सुनेसारखी मान खाली, पण गालात हसत होती. तिच्या घागऱ्याचा काठ ओल्या चिखलाने भरलेला होता. ओरेकेने पाहिलं आणि सोडून दिलं.

"व्याही," रिस्ती म्हणाल्या, "आमच्या सुनांनी आज तुमचा मान कसा राखला, पाहिलंत का?"

"पाहतोय की. मटण झकास शिजलंय."

"मटणाचं नाही हो म्हणत मी. दिवसभर तुम्ही वाटेवर बसला होतात. एकीने तरी तुमच्यापुढून रस्ता कापला का?"

ओरेकेच्या हातातली सुरी थांबली.

आमच्याकडे सून थोरल्या माणसाची वाट कापत नाही. म्हातारा समोरून येत असेल तर ती थांबते, तो गेल्यावर पुढे जाते. शहरात आता कोण पाळतं हे? पण औलात पाळतात, आणि व्याह्यासाठी तर जास्तच. हे ओरेकेला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याची आई तशीच थांबायची, बायको तशीच थांबायची. पण स्टुलावर बसलेला आपण एक थोरला माणूस आहोत, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. एकतीस वर्षं परक्या रस्त्यांवर बसून त्याला वाटायला लागलं होतं की आपण खांबावरच्या यंत्रासारखेच आहोत, आपल्याला कुणी बघत नाही.

"मग घोड्या?" त्याने विचारलं.

"घोड्या कशा सोडतील? तो पाणी जायचा मोठा नळ आहे ना रस्त्याखाली, पाव कोस पुढे, उतारापाशी. त्यातून गेल्या वाकून वाकून. सहा वेळा जायचं, सहा वेळा यायचं. त्यांतली कुलेय तर म्हणाली, माझी कंबर राहिली त्या नळातच. तुमच्या लेकीनेच सकाळी घरोघर निरोप दिला, माझे वडील वाटेवर बसलेत, आज कुणी आडवं जायचं नाही."

म्हातारे हसले. एकजण म्हणाला, "लेक असावी तर अशी."

"किती जणी आहेत?" ओरेकेने विचारलं.

"दुधाला? बावीस."

बावीस गुणिले बारा. दोनशे चौसष्ट. हे गणित त्याच्या डोक्यात आपोआप झालं, आणि त्याने सुरी ताटात ठेवली. अक्मारल त्याच्याकडे बघत होती. बापाने काहीतरी म्हणावं, एवढीच तिची अपेक्षा. तो म्हणाला, "शाबास, पोरी." दुसरं काय म्हणणार होता?

थोड्या वेळाने हवा खायला म्हणून तो अंगणात आला आणि साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे मुखामेत्कालि, त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, वाईट माणूस नव्हे, पण यादीने गांजलेला. ओरेकेने सगळं सांगितलं आणि म्हणाला, "उद्या पुन्हा बसतो. लांब गाडीत बसेन, कुणाला दिसणार नाही."

"एका जागेला एक दिवस, ओरेके. उद्या तुम्ही दुसरीकडे आहात. तिथलं सगळं ठरलंय."

"मग रविवारी. माझी सुटी."

"रविवारची मोजणी धरत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तक्ता अजून तुमच्याकडेच आहे ना? मग एकशे चौदा लिहा. कोण येतंय बघायला?"

"मी एकशे चौदा पाहिले नाहीत."

"पण आहेत ना?"

"आहेत. दोनशे चौसष्ट आहेत. मी चौदा पाहिले."

"मग चौदा लिहा आणि झोपा. मला फोन करू नका."

तक्ता गाडीत होता. ओरेकेने तो मांडीवर घेतला. शेरा लिहायला जागा नव्हती, तरी त्याने समासात बारीक अक्षरात लिहिलं की मोजणाऱ्याच्या मानाखातर सुनांनी रस्ता ओलांडला नाही, खरी संख्या दोनशेच्या वर आहे. रकान्यातले चौदा तसेच ठेवले.

मला विचाराल तर, मी तरुणपणी त्याच्याच हाताखाली शिकलो, आणि या जागी आलं की अजून माझा जीव तळमळतो. अरे बाबा, एक आकडा. पण त्याचंही खोटं नव्हतं. थंडीत गाडीत बसून मनाचे आकडे भरणाऱ्या किती जणांचे तक्ते त्याने आमच्यादेखत फाडले होते. आज लेकीच्या गावासाठी लिहिला, तर उद्या दुसऱ्याच्या गावासाठी न लिहायला तोंड कुठे? शिवाय त्याची खात्री होती की वरचे लोक समास वाचतील. एवढा अनुभव गाठीशी असून त्याला तसं वाटलं.

समास कुणी वाचला नाही. तक्ते संगणकात भरणारी मुलगी फक्त रकाने भरत होती, तिचीही चूक नाही. मार्चमध्ये निर्णय आला. रस्ता मुक्त वाहतुकीचा, श्रेणी पहिली, पुढची वीस वर्षं पुरून उरेल. पादचाऱ्यांची गरज सिद्ध होत नाही. मधे सलग लोखंडी कठडा. ओरेके तीन वेळा साहेबांच्या खोलीत गेला, दोन अर्ज दिले. फेरमोजणी पाच वर्षांनी, असं उत्तर मिळालं. कठडा एप्रिलमध्ये बसला आणि नळ वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने गळ्यापर्यंत भरला. सुना बादल्या आधी कठड्यापलीकडे ठेवायच्या, मग घागरे सावरून स्वतः चढायच्या.

मे महिन्यात बायान गेली. अक्मारलच्या शेजारच्या घरातली सून, सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई. भरल्या बादल्या घेऊन ती कठड्यावरून उतरली. जवळच्या पदरातला ट्रक तिला बघून हळू झाला, ती धावली, आणि ट्रकच्या आडून दुसऱ्या पदरात मोटार आली. मोटारवाल्याने तिला पाहिलंच नाही. रस्ता मोकळा होता, तो वेगात होता. अक्मारल तिच्या मागेच होती, एक पाय कठड्यावर, एक खाली.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला ओरेके शिलीसायला गेला. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. बायानच्या सासऱ्याने त्याला वरच्या जागेवर बसवलं, हात हातात घेतला. बोलले असते तर बरं झालं असतं, असं ओरेकेला वाटत राहिलं. माणसं पांगली, मग तो लेकीच्या घरी आला. रिस्ती आत पडून होत्या. अक्मारलने बापाला चहा दिला आणि समोर बसली. महिन्याभरात ती इतकी उतरली होती की तिची बोटं त्याला ओळखू येईनात.

"कोके," ती म्हणाली, "अकीमकडे कागद आलाय. त्यात लिहिलंय की पादचाऱ्यांची गरज दिसली नाही. तुम्ही त्या बुधवारी माणसंसुद्धा मोजत होतात?"

त्याने मान हलवली.

"मला वाटलं, गाड्याच मोजतात."

"सगळ्यांना तसंच वाटतं."

"मी घरोघर गेले होते त्या दिवशी. बायान म्हणत होती, नळात कशाला, हळूच मागून जाऊ, त्यांना कळणार नाही. मी तिला रागावले." तिने कप उचलला आणि परत खाली ठेवला. "बोगद्याला किती माणसं लागतात? खरं सांगा. आम्ही सगळ्या आडव्या गेलो असतो, तर झाला असता?"

ओरेकेने तिच्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती. हिशेब तिलाही येत होता. बावीस जणी, बारा खेपा, हे ती केव्हाच करून बसली होती, फक्त नियमातला आकडा तिला हवा होता.

"हजार," तो म्हणाला.

"हजार?"

"बारा तासांत हजार. त्याच्या आत विचारच करत नाहीत."

ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. मग म्हणाली, "हजार कशानेही झाले नसते. सगळं गाव दिवसभर चाललं असतं तरी."

"नसते झाले."

अक्मारलने हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा, असं नंतर रिस्ती म्हणाल्या. ओरेके तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. नोकरीतला पहिला खोटा आकडा त्याच्या तोंडून निघाला होता, आणि त्याला काहीही कष्ट पडले नव्हते. लेकीने तो खरा धरला, कारण आकडा तिच्या बापाचा होता. शंभर लिहिला असता तर वरच्यांनीही असाच खरा धरला असता, आणि शेजारच्या घरात आज दोन लेकरांना आई असती.